‘सावकारी पाश’ ते ‘कोर्ट’ : गंभीर चित्रपट आणि आपला प्रेक्षक

चित्रपटाचा इतिहास म्हटला की आपल्याकडे नटनट्यांची नावे, गाजलेली गाणी आणि पंचवीस आठवड्यांचे हिशेब यांचीच आठवण निघते. आमचा आजचा विषय थोडा निराळा आहे. ज्याला कोणी ‘कलात्मक’ म्हणतात, कोणी ‘समांतर’ म्हणतात, तो चित्रपट वडनेर भोलजीसारख्या गावातील माणसापर्यंत कधी व कसा पोहोचला, आणि जेथे पोहोचला नाही तेथे का पोहोचला नाही, याचा हा विचार आहे. आम्ही कामगार चळवळीतील माणसे. चित्रपटशास्त्र आम्ही कोणत्या विद्यालयात शिकलो नाही; जे वाचले ते दिवसाचे काम उरकल्यावर रात्री वाचले, आणि जे पाहिले ते तिकीट काढून पाहिले. परंतु इतकी वर्षे एक वाक्य आमच्या कानांवर सतत पडत आले आहे : “असले चित्रपट सामान्य माणसाला नकोच असतात.” हे वाक्य खरे की खोटे, याचा निवाडा मतांनी व्हायचा नाही. तो इतिहासात शोधला पाहिजे.

आरंभ सर्वांना ठाऊक आहे. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंची हलती चित्रे दाखविली गेली. तिकीट एक रुपया. त्या काळचा एक रुपया म्हणजे मजुराच्या कित्येक दिवसांची मजुरी. तेव्हा त्या खोलीत कोण बसले असेल ते सांगायला नको. पुढे १७ वर्षांनी, ३ मे १९१३ रोजी, दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात लागला आणि देशी चित्रपटाचा संसार सुरू झाला. हॉटेलातून निघालेला हा खेळ थोड्याच वर्षांत तंबूत आला, जत्रेत आला, आण्या-दोन आण्यांच्या बाकड्यावर आला. लोकांनी पौराणिक चित्रपट डोक्यावर घेतले, यात नवल नव्हते. कीर्तनात जे ऐकले, ते डोळ्यांनी दिसू लागले.

पण याच महाराष्ट्रात, मूकपटाच्याच काळात, एका माणसाच्या मनात आले की देवादिकांच्या जागी शेतकरी उभा करून पाहावा. तो माणूस म्हणजे कोल्हापूरचे बाबूराव पेंटर. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने १९२५ साली ‘सावकारी पाश’ काढला. कथा नारायण हरी आपटे यांची. एक गरीब शेतकरी सावकाराच्या कागदात अडकतो, जमीन गमावतो आणि शहरात जाऊन गिरणीत मजूर होतो. तरुण शेतकऱ्याचे काम व्ही. शांताराम यांनी केले होते. त्या मूकपटाची प्रत आज उपलब्ध नाही. पण ज्यांनी तो पाहिला होता त्यांनी एक दृश्य नमूद करून ठेवले आहे : उजाड झोपडी, आणि तिच्यापुढे आभाळाकडे तोंड करून रडणारे कुत्रे. मूकपटात कुत्र्याचा आवाज ऐकू येत नाही. तरीही तो ऐकू आल्यासारखा वाटे, असे सांगतात. १९३६ साली बाबूरावांनी हीच कथा बोलपटाच्या रूपाने पुन्हा केली. हिंदुस्थानातील वास्तववादी चित्रपटाची पहिली पायरी कोणती, असे विचारले तर जाणकार ‘सावकारी पाशा’कडे बोट दाखवितात.

या पहिल्या पायरीचा विषय ध्यानात घ्यावा. १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, आणि त्याच साली पुणे जिल्ह्यातील सुप्यापासून शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे काढून जाळण्यास आरंभ केला. सरकारने चौकशी केली व १८७९ साली दक्षिणेतील चार जिल्ह्यांपुरता शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. आपल्या वऱ्हाडाला तो कायदा लागू नव्हता. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला भाव आला, १८७० साली खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. आणि कापसाच्या पैशाबरोबर कापसाचे कर्जही घरोघर शिरले. म्हणजे १९२५ साली पडद्यावर जे दिसले, ते आपल्या आज्या-पणज्यांच्या घरात आधीच घडून गेले होते. ‘वेगळा’ चित्रपट परदेशातून आणलेले कलम आहे असे मानणाऱ्यांनी ही गोष्ट विसरू नये. त्याचे बी कोल्हापुरात रुजले आणि ते शेतकऱ्याच्या कर्जातून उगवले.

दुसरा दाखला गिरणीचा. १९३४ साली मुन्शी प्रेमचंद मुंबईत आले आणि अजंता सिनेटोनसाठी त्यांनी एक चित्रकथा लिहिली. मोहन भवनानी दिग्दर्शक. चित्रपटाचे नाव ‘मिल’ अथवा ‘मजदूर’. गिरणीमालक मरतो, मुलगा उधळ्या आणि कामगारांना छळणारा, मुलगी कामगारांच्या बाजूची, संप होतो, गिरणी बंद पडते, अखेर मार्ग निघतो. प्रेमचंदांनी स्वतः त्यात एक छोटी भूमिका केली. त्याच वर्षी एप्रिलात मुंबईच्या गिरण्यांत सार्वत्रिक संप झाला होता. मुंबईच्या सेन्सॉर बोर्डाने चित्रपटाला परवानगी नाकारली. ज्या शहरातील कामगारांवर तो बेतला होता, त्याच शहरात तो दाखविता येईना. लोकांना तो नको होता असे येथे कोणी म्हणू शकेल काय? लोकांना विचारलेच कोणी नव्हते. प्रेमचंद १९३५ साली मुंबई सोडून गेले.

स्वातंत्र्यानंतर एक घटना घडली. २४ जानेवारी १९५२ रोजी मुंबईत पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव सुरू झाला. फिल्म्स डिव्हिजनने तो भरविला होता आणि नंतर तो मद्रास, दिल्ली व कलकत्ता येथे गेला. त्यात जपानचा ‘राशोमोन’ होता आणि इटलीचा ‘बायसिकल थीव्हज’, म्हणजे ‘सायकलचोर’, होता. १९४८ साली व्हित्तोरिओ दे सिका यांनी काढलेल्या या चित्रपटाची गोष्ट एका वाक्यात सांगता येते. युद्धानंतरच्या रोम शहरातील एका बेकाराला भिंतीवर पोस्टर चिकटविण्याचे काम मिळते. त्या कामाला सायकल हवी. बायको घरच्या चादरी गहाण टाकते. सायकल सुटते आणि पहिल्याच दिवशी चोरीला जाते. मग बाप आणि त्याचा लहान मुलगा ब्रूनो शहरभर ती शोधत फिरतात. सायकल मिळत नाही. शेवटी बाप स्वतः एक सायकल उचलतो, पकडला जातो, आणि मुलगा ते पाहतो. मालक त्याला सोडून देतो. मुलगा बापाचा हात धरतो आणि दोघे गर्दीत मिसळतात. एवढेच.

आम्ही कामगारांत वावरतो म्हणून या चित्रपटातील दोन गोष्टी आमच्या मनातून जात नाहीत. पहिली ही की, हत्यार गेले की नोकरी गेली, हा कामगाराचा सर्वात जुना अनुभव त्यात आहे. हमालाचा हूक, गवंड्याची थापी, ड्रायव्हरचे लायसन, सगळ्यांची गोष्ट तीच. दुसरी गोष्ट पडद्याबाहेरची. बापाचे काम करणारा लांबेर्तो माज्जोरानी हा खरोखरीचा कारखान्यातील कामगार होता. चित्रपट जगभर गाजला. तो मात्र कारखान्यात परतला, आणि काही दिवसांनी कामगारकपात झाली तेव्हा त्याचे नाव यादीत आले. याने सिनेमात भरपूर पैसा मिळविला असेल, अशी सर्वांची समजूत. पडद्यावरचा बेकार शेवटी खराच बेकार झाला.

या महोत्सवाचा परिणाम लागलीच दिसला. बिमल रॉय यांनी ‘सायकलचोर’ पाहिला आणि १९५३ साली त्यांचा ‘दो बिघा जमीन’ आला. कथा सलील चौधरी यांची, शंभू महतोच्या भूमिकेत बलराज साहनी. जमीनदाराला गिरणीसाठी जागा हवी आहे, मध्ये शंभूची दोन बिघे जमीन आहे. कोर्ट सांगते, तीन महिन्यांत २३५ रुपये भर. शंभू कलकत्त्याला जाऊन रिक्षा ओढतो. पैसे जमत नाहीत, जमीन जाते, आणि शेवटी तारेच्या कुंपणाबाहेरून तो आपल्याच जमिनीवर उभी राहणारी गिरणी पाहतो. १९५४ साली कॅन येथे या चित्रपटाला आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळाले. श्रोत्यांनी आता १९२५ चा ‘सावकारी पाश’ आणि १९५३ चा ‘दो बिघा जमीन’ शेजारी ठेवून पाहावेत. मध्ये २८ वर्षे गेली, इंग्रज गेला, चित्रपट बोलू लागला. शेतकरी मात्र तसाच जमीन गमावून गिरणीच्या वा रिक्षाच्या वाटेला लागलेला. दोन्ही चित्रपटांची वाट एक, कारण दोन्ही शेतकऱ्यांची वाट एक.

येथे एक अनुभव सांगणे अप्रस्तुत होणार नाही. काही वर्षांपूर्वी, सरकी-कापसाचा हंगाम उतरल्यावर, जिनिंगमधील कामगार व हमाल बंधूंसाठी आम्ही हा जुना कृष्णधवल चित्रपट दाखविण्याचे ठरविले. आधी तालुक्याच्या ठिकाणच्या एका थिएटरमालकाकडे गेलो. गृहस्थ सज्जन. त्यांनी चहा पाजला, वही उघडली आणि हिशेब समजावून दिला. वीज, ऑपरेटर, डोअरकीपर, झाडूवाला, जागेचा कर, हे सर्व खेळागणिक उभेच. पडद्यावर गर्दीचा चित्रपट असो की दर्जाचा. “माझी हौस आहे हो भाऊ, पण एक खेळ रिकामा गेला तर तो मला चार खेळांत भरून काढावा लागतो.” त्यांच्या बोलण्यात खोटे काही नव्हते. शेवटी आम्ही भाड्याचे यंत्र आणून जिनाच्या आवारात पांढरा कपडा ताणला. चित्रपट हिंदी, त्यातले वळण पूर्वेकडचे, चित्र काळेपांढरे, मारामारी नाही. मंडळी मध्येच उठून जातील, असे भाकीत पुष्कळांनी केले होते. कोणी उठले नाही. रिक्षाची शर्यत लागते आणि चाक निखळते, तेथे बायकांच्या बाजूने एक हुंदका ऐकू आला. संपल्यावर एक वृद्ध हमाल म्हणाले, “भाऊ, हे तं आपल्याच घरची गोठ हाये.” मग त्यांनी विचारले, “हा शिनिमा इतके दिवस होता कोठी?”

हा प्रश्न आमच्या आजच्या व्याख्यानाचा गाभा आहे. होता कोठे?

त्याचे उत्तर शोधताना प्रथम भेटते ती १९४९ ची फिल्म चौकशी समिती. तिचे अध्यक्ष मुंबईचे स. का. पाटील. १९५१ साली समितीने अहवाल दिला. त्यात चांगल्या चित्रपटांना भांडवल मिळावे म्हणून महामंडळ स्थापावे, असे सुचविले होते. त्यातून १९६० साली फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन उभे राहिले. त्याच साली पुण्यात, प्रभातच्या जुन्या जागेत, फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली आणि १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय. १९६९ साली कॉर्पोरेशनच्या कर्जातून मृणाल सेन यांचा ‘भुवन शोम’ निघाला. रेल्वेतील एक कडक अधिकारी, नोकरीत काळीज वाळून गेलेला. सुट्टीत शिकारीला जातो आणि खेड्यातील एका पोरीच्या संगतीत माणसात येतो. ती पोर म्हणजे सुहासिनी मुळे. या चित्रपटापासून नव्या प्रवाहाची गणना करण्याची रीत आहे.

सरकारने चित्रपट काढण्यास पैसा दिला, हे चांगलेच झाले. पण चित्रपट दाखविण्याची सोय केली नाही. शेतकऱ्याला बियाणे द्यावे आणि बाजाराचा रस्ता देऊ नये, तसे हे झाले. डबे तयार झाले, पारितोषिके मिळाली, आणि पुष्कळ डबे गोदामात राहिले. याचे कारण प्रेक्षकाची अभिरुची नव्हे. कारण वितरणाच्या रचनेत आहे. हिंदी चित्रपटाच्या धंद्याने देशाचे ‘सर्किट’ पाडले. आपला विदर्भ ‘सी. पी. बेरार’ या सर्किटात. सी. पी. ॲण्ड बेरार नावाचा प्रांत १९५० साली नकाशावरून गेला. वितरकांच्या वहीत मात्र ते नाव राहून गेले. या मध्य भागातील वितरक व प्रदर्शक यांची संघटना भुसावळला, वितरकांच्या कचेऱ्या भुसावळ-अमरावतीला. मुंबई-पुण्यासाठी हक्क विकत घेणारा एक, वऱ्हाडासाठी घेणारा दुसरा. मुंबईत मॅटिनीला चार आठवडे चाललेला चित्रपट वऱ्हाडासाठी कोणी विकतच घेतला नाही, तर नांदुरा-मलकापूरच्या पडद्यापर्यंत त्याची पेटी येणार कशी? प्रती मोजक्याच काढलेल्या. एका रिळात हजार फूट फिल्म, ती अकरा मिनिटे चालते. असे चौदा-पंधरा रीळ म्हणजे एक चित्रपट, आणि एवढ्या फिल्मची एक प्रत काढणे हाच मोठा खर्च. त्यातून आलीच पेटी, तर घासून घासून रेघा पडलेली.

त्यावर करमणूक कर. हा कर बंगालमध्ये १९२२ साली आणि मुंबई इलाख्यात १९२३ साली बसला. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला तोवर तो राज्यांच्या तिजोरीत जात होता. मद्यावर जसा कर, तसा करमणुकीवर, ही मूळ दृष्टी. काही चित्रपटांना करमाफी मिळे, परंतु मागाहून मिळालेल्या करमाफीचा उपयोग पडद्यावरून उतरलेल्या चित्रपटाला काय?

शहरांनी यावर एक तोड काढली होती. ती म्हणजे फिल्म सोसायटी. १९४७ साली सत्यजित रे व त्यांच्या मित्रांनी कलकत्त्यात अशी सोसायटी काढली, १९५९ साली देशभरच्या सोसायट्यांचा महासंघ झाला, आणि १९६८ साली मुंबईत मराठी माणसांनी प्रभात चित्र मंडळ स्थापन केले. वर्गणी भरायची, परदेशी वकिलातींकडून वा पुण्याच्या संग्रहालयाकडून चित्रपट मिळवायचे, पाहायचे आणि त्यावर बोलायचे. हे काम मोलाचे झाले. एक उणीव मात्र राहिली : सोसायट्या बहुतेक तेथेच वाढल्या, जेथे महाविद्यालये, वर्तमानपत्रे आणि इंग्रजी वाचणारी माणसे होती. कर्नाटकातील हेग्गोडू या खेड्यात के. व्ही. सुब्बण्णा यांच्या नीनासम् संस्थेने १९७० नंतरच्या दशकात शेतकऱ्यांना ‘राशोमोन’ आणि ‘पथेर पांचाली’ दाखविले व त्यांनी ते पाहिले. म्हणजे खेड्यात हे होत नाही, असे नाही. कोणी तरी करावे लागते.

आणि आता तो दाखला, ज्याच्यापुढे “लोकांना नको असते” हे वाक्य टिकत नाही. १९७६ साली श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’ आला. विषय खेड्यातील दूध सोसायटी; पटकथा आपल्या विजय तेंडुलकरांची; भूमिका गिरीश कर्नाड व स्मिता पाटील यांच्या. भांडवल कोणाचे? गुजरातेतील दूध उत्पादक पाच लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये दिले. डॉ. व्हर्गीस कुरियन यांनी कल्पना मांडली, आणि दुधाच्या पैशातून दोन-दोन रुपये वळते होऊन दहा लाख रुपये उभे राहिले. चित्रपट लागला तेव्हा हे शेतकरी ट्रक भरभरून, बैलगाड्या जुंपून थिएटरात आले, कारण तो त्यांचा चित्रपट होता. त्यात जातीचा प्रश्न आहे, सरपंचाची दंडेली आहे, अर्धवट राहिलेल्या कामाचे दुःख आहे. गोड शेवट नाही. तरी ते आले. २०२४ साली हा चित्रपट पुन्हा दुरुस्त करून कॅनला दाखविला गेला आणि देशातील थिएटरांतही परत लागला. सहकाराचा हा धडा आम्ही संघटनेच्या सभांतून अनेकदा सांगितला आहे. गिऱ्हाईक नाही अशी तक्रार जो करतो, त्याने पाच लाख मालकांचा हा चित्रपट आठवावा.

आपल्या मराठीतही प्रवाह आटला नाही. जब्बार पटेल यांचा ‘सामना’ १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात गेला. साखर कारखान्याच्या सत्तेचा तो पंचनामा होता. नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ फेब्रुवारी २०१४ मध्ये थिएटरांत लागला, आणि डुकरामागे धावणाऱ्या जब्याने शेवटी भिरकावलेला दगड तालुक्याच्या पडद्यांवरूनही अंगावर आला. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ला २०१४ साली व्हेनिसला पारितोषिक मिळाले, पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि एप्रिल २०१५ मध्ये तो प्रदर्शित झाला. गटारात उतरून मेलेल्या एका कामगाराच्या मृत्यूबद्दल एका लोकशाहिरावर खटला चालतो, अशी ही कथा. शाहिराचे काम नागपूरचे वीरा साथीदार यांनी केले. ते व्यवसायाने नट नव्हते. चळवळीतले कार्यकर्ते व ‘विद्रोही’ मासिकाचे संपादक होते. एप्रिल २०२१ मध्ये करोनाने ते गेले. रोमचा माज्जोरानी आणि नागपूरचे वीरा साथीदार यांच्यामध्ये ६६ वर्षांचे अंतर आहे. पण या प्रवाहाला आपले चेहरे कष्टकऱ्यांतच शोधावे लागतात, हे दोघांवरून दिसते.

आज परिस्थिती पालटली आहे. रिळे गेली, पेटी गेली, जत्रेतील तंबू मोजके उरले, लहान गावांतील कित्येक थिएटरांना कुलूप लागून तेथे मंगल कार्यालये झाली. ‘सायकलचोर’ आज खिशातल्या फोनवर मिळतो. तेव्हा प्रश्न सुटला, असे कोणी म्हणेल. आम्हांला तसे वाटत नाही. फोनवर माणूस एकटा पाहतो. जिनाच्या आवारात तो वृद्ध हमाल बोलला, कारण शेजारी दोनशे माणसे बसली होती आणि आपले दुःख एकट्याचे नाही, हे त्याला त्या रात्री दिसले. संघटना याच जाणिवेतून उभी राहते, आणि व्याख्यानमालाही. दीडशे वर्षांपूर्वी रानड्यांना पुस्तके ठाऊक नव्हती काय? होती. तरी त्यांनी माणसांना एकत्र बसवून ऐकवले.

म्हणून आमची एक सूचना आहे, आणि ती खर्चाची नाही. दरवर्षी या मालेतील एक संध्याकाळ चित्रपटाला द्यावी. हक्कदाराची रीतसर परवानगी घ्यावी. फुकट्याचा व्यवहार कामगारांच्या तोंडी शोभत नाही, कारण चित्रपटामागेही कामगारच असतात. तालुक्यातील एखादा थिएटरमालक सकाळचा रिकामा खेळ देत असेल, तर तिकिटे आधी विकून त्याचे भाडे आगाऊ भरावे, म्हणजे त्याच्या वहीतही तोटा पडणार नाही. दोन-दोन रुपयांचा हिशेब गुजरातच्या शेतकऱ्यांनी घालून दिलाच आहे. चित्रपटाआधी भाषण नको. नंतर अर्धा तास मोकळा ठेवावा आणि प्रथम बोलण्याचा मान मागच्या बाकावरच्या माणसाला द्यावा. सुरुवात ‘दो बिघा जमीन’ने करावी, असे आम्ही सुचवितो. वऱ्हाडात त्याचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागणार नाही.